न खाल्लेला झुणका

लढाईच्या काळात ज्याने पुणे-सातारा रस्त्याने प्रवास केला आणि ज्याला माझ्या बायकोच्या आजीने त्याच्या मनाविरुद्ध जेवू घातलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. शिरवळला मोटारी थांबत त्या जागेसमोरच तिची खानावळ होती. खानावळीला पाटी नव्हती आणि पाटीची गरजही नव्हती. झुणक्याला फोडणी बसली की वास रस्त्यापलीकडे जाई आणि गाडी थांबण्याआधीच उतारू जागेवरून उठून उभे राहत. सांगलीच्या पेठेतले हळदीचे व्यापारीसुद्धा पुण्याला निघालेल्या माणसाला "शिरवळचा झुणका खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका" असं बजावत. पण खाणं त्या माणसाच्या हातात नव्हतं. तिथे काय खायचं हे खाणाऱ्याने ठरवायचं नसे. आजी दारात उभी राहून गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघे, आणि तो हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असे. कुणाला झुणका, कुणाला ताकभात, कुणाला नुसती पेज. मी त्या घरचा जावई झालो, सात-आठ वर्षं जात-येत राहिलो, पण तिच्या हातचा झुणका माझ्या पोटात कधी गेला नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी साताऱ्याच्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि पुण्याहून परत येत होतो. पाटावर बसलो, ऐटीत झुणका-भाकरी सांगितली, आणि समोर आली मुगाची पातळ खिचडी. वाढणारी बाई साठीच्या घरातली, लुगड्याचा काचा घट्ट मारलेली, हातात पळी अशी धरलेली की तिच्याशी वाद घालताना जरा जपून राहावं.

"मी झुणका सांगितला होता," मी म्हणालो.

"सांगितला आसशील. ही खा."

"पण मला झुणका हवाय."

"तुला हवाय, बाळा. तुज्या पोटाला नकोय. डोळं बघ कसं वढल्यात. म्होरं खंबाटकीचा घाट हाय, मोटारीत वकशील."

शेजारच्या पाटावर साताऱ्याचे एक वकील होते. त्यांच्या पुढ्यात पेज आली होती. ते मोठ्या आवाजात म्हणाले, "मी इथे दवाखान्यात आलेलो नाही." "मग गप खावा की," आजी म्हणाली आणि पुढच्या पाटाकडे गेली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता खाल्लं. मला भयंकर राग आला होता, आणि तो राग घाट उतरेपर्यंत टिकला. साताऱ्यात पोचलो आणि मला सडकून हीव भरलं; पुढचे दोन दिवस पोटात पाणी ठरेना. वकिलांचं काय झालं ते मला कळलं नाही, पण पुढे एकदा ते त्याच खानावळीत मुकाट्याने पेज पिताना दिसले. आजीचं बहुतेक वेळा बरोबर निघे. मला तिचा हाच सगळ्यात मोठा दोष वाटायचा. चुकणाऱ्या माणसावर रागावता येतं, हिच्यावर रागवायची सोयच नव्हती.

ती खाली बसलेली मी पाहिली नाही. मी कशाला, माझ्या बायकोनेही पाहिली नव्हती, आणि ती तर तिच्याच मांडीवर वाढलेली. म्हणजे मांडी होती, पण ती कधी घातली असेल ते देव जाणे. आजी जेवायची ती उभ्याने, डाव्या तळहातावर भाकरी, तिच्यावर चटणी, आणि एक घास तोंडात घालून दोन पाट पुढे. तिचं जेवण म्हणजे खानावळीतल्या पाच-सहा फेऱ्या. चूल तिने चारदा हलवली. आधी पूर्वेला होती, तिथून रस्ता दिसत नव्हता. मग रस्त्याकडे केली, तर वाऱ्याने धूर उतारूंच्या डोळ्यांत जाऊ लागला. मग मध्यभागी आली, तर आजीला फेऱ्या मारायला जागा उरेना. शेवटी चूल पुन्हा पूर्वेला गेली आणि आजीने भिंतीलाच खिडकी पाडून घेतली. तिच्याजवळ पाच मिनिटं थांबलं की आपणही उगाचच उठून काहीतरी उचलून ठेवू लागायचो. मी तिथे पाहुणा म्हणून गेलो तरी निघेपर्यंत दोन हंडे भरलेले असत आणि एखादी शेणी फोडलेली असे, आणि हे मला कुणी सांगितलेलं नसे.

तिची खरी दहशत होती ती मोटारवाल्यांना. त्या काळी महायुद्धापायी पेट्रोल मिळत नव्हतं आणि गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक भलीमोठी भट्टी लटकवलेली, तिच्यात कोळसा घालायचा, खालून ढोसायचं आणि मग पुढून हँडल मारून इंजिन चालू करायचं. आजीचा रिवाज असा की गाडी थांबली की डायव्हरने ते लोखंडी हँडल आधी तिच्या हवाली करायचं. ती ते तांदळाच्या डब्यात उभं करून ठेवी. गाडीतला शेवटचा माणूस जेवून तिच्या मनासारखा होईपर्यंत हँडल बाहेर येत नसे. एकदा एका नव्या डायव्हरने कुरकुर केली की साताऱ्याला उशीर होतो, मालक रागावतो. आजीने त्याचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "मालकाला सांग, तुजा डायवर दोन रात्री झोपला न्हाई. त्याला ताक पाजलं तर घाटात पेंगंल, म्हून मी त्याला हुलग्याचं माडगं पाजलंया, कडक." ते तिखट माडगं पिऊन तो डायव्हर असा ताठ झाला की घाट संपेपर्यंत त्याने पापणी मिटली नाही, असं मागे बसलेले सांगत. पुढे हाच डायव्हर गाडी थांबली की कुणी मागायच्या आत हँडल घेऊन तिच्याकडे जाऊ लागला.

याच डायव्हरकडे आजीने एक दिवस चौकशी केली, "तो खिचडीवाला मास्तर जगला का रं?" जगलाय म्हटल्यावर तिने माझं गाव, घर, आईवडील, सगळं त्याच्याकडून काढून घेतलं आणि आईबापाविना वाढलेल्या आपल्या नातीसाठी मला सांगून पाठवलं. मुलगी बघायला आम्ही शिरवळला गेलो ते मी, आई आणि माझे वडील. वडील पलटणीत हवालदार होते. पेन्शनीत आले तरी त्यांची मान कधी वाकली नव्हती. आजीच्या जिवाला त्या दिवशी घोर होता हे मला नंतर बायकोने सांगितलं. पोरीला खानावळीबाहेरचं घर मिळावं एवढी एकच इच्छा तिला उरली होती. पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. मला पोळी आली, आईला पोळी आली, आणि वडिलांच्या पुढ्यात आजीने ठेवली पेज, वर तुपाची धार. सगळे गारठले. माझी होणारी बायको दाराआड रडायच्या बेताला आली. वडिलांच्या मिशा हलू लागल्या.

"मुलाच्या बापाला पेज?" ते म्हणाले.

आजीने वाटी उचलली नाही. "सोयरीक झाली तर झाली," ती म्हणाली, "न्हाई झाली तर माज्या पोरीचं नशीब. पर तुमास्नी मी पोळी वाढायची न्हाई. बसताना तुमी एका कुशीवर बसलासा, ते मी बघितलंया."

मूळव्याधीचं दुखणं वडिलांनी आईपासूनसुद्धा कित्येक वर्षं लपवलं होतं. त्यांनी पेज प्यायली, वाटी खाली ठेवली आणि मिशा पुसून उठले. परतीच्या वाटेवर घाटाअलीकडचं खंडाळा आलं तेव्हा म्हणाले, "मुलगी चांगली आहे." लग्न झालं. आजी मला 'तू'ऐवजी 'तुमी' म्हणू लागली, 'बाळा'चा 'जावईबापू' झाला; खिचडी मात्र तीच राहिली. मी कधीही गेलो तरी माझ्या तोंडावर तिला काहीतरी दिसेच. जागरण, पित्त, सर्दी, आणि एकदा तर "बायकोसंगं भांडून आलासा" म्हणून. तेही खरं होतं.

त्या वर्षांत पलटणीतली पोरं रजेवर घरी येत. त्यांना ती अशी वागवायची की बाकीच्या उतारूंना हेवा वाटावा. कुंडलकडचा एक जवान एकदा तिच्या पाटावर बसला आणि त्याने मोठ्याने मटण मागितलं. आजीने त्याला दुधात कुस्करलेली भाकरी दिली. वाडगा बघून तो हसला, मग पहिला घास घेतला आणि त्याला रडूच आलं. सगळी खानावळ खाली मान घालून जेवत राहिली. "मोटा झालाय, पर त्वांड अजून पोराचंच हाय," आजी कुणाला तरी म्हणाली आणि त्याच्यासाठी आणखी भाकरी कुस्करायला लागली. मला त्या क्षणी ती फार आवडली.

काहीतरी बिघडलंय अशी शंका पहिल्यांदा माझ्या बायकोला आली. आजी आता दारातून निकाल देईनाशी झाली होती. उतारूच्या अगदी जवळ जायची, त्याची हनुवटी धरायची आणि तोंड उजेडाकडे वळवायची. एका मामलेदारालाही तिने असं वळवलं आणि तो संतापला. लोकांना वाटलं, म्हातारीचा विक्षिप्तपणा वाढला. मग एक दिवस तिने आपल्या त्या लाडक्या डायव्हरला झुणका, वर खर्डा आणि दोन कांदे असं वाढलं. बिचाऱ्याचं पोट सकाळपासून वाहत होतं, पण आजीने वाढलं म्हणजे विचार करूनच वाढलं असणार, या भरवशावर त्याने सगळं खाल्लं. त्या दिवशी मोटार खंबाटकीत तीन वेळा थांबली, आणि दोष मोटारीचा नव्हता. ही गोष्ट रस्ताभर झाली, लोक पोट धरून हसले. बायको हसली नाही. "आजीला दिसत नाहीये," ती म्हणाली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. माझी बदली तोवर सांगलीला झाली होती आणि तिथे डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर होते. आजीला आणायला आम्हाला चार महिने लागले. तिला भीती शस्त्राची नव्हती. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं, न हलता पडून राहायचं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "धा दिस?" ती म्हणाली. "आवं, मी मेल्यावर पडून ऱ्हाणारच हाय की." पण तोंडं दिसत नाहीत म्हणजे खानावळ गेली, हे तिलाही कळत होतं. त्या डायव्हरची गोष्ट तिच्या मनाला लागली होती. शेवटी एवढ्याचसाठी ती तयार झाली. डॉक्टरांनी आधी एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया केली.

डॉक्टरांच्या घरामागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर आजी, दुसरीवर कुंडलची एक वयस्कर बाई, तिच्याही डोळ्यांवर पट्टी. तिला सोडून तिची माणसं उसाच्या तोडणीला परत गेली होती. आम्ही नवरा-बायको पाळीपाळीने आजीजवळ बसत असू. डोकं तिने हलवलं नाही, शपथ घेतल्यासारखं धरून ठेवलं. पण पांघरुणाखाली तिचे पाय चालत होते. सतत. टाच पुढे, टाच मागे. मी हात ठेवला तर थोडा वेळ थांबत, पुन्हा सुरू होत. तीन दिवसांत ती पडल्यापडल्या शिरवळपर्यंत जाऊन आली असेल. तिच्या पायांकडे बघून बघून मलाही बसवेना, मी खोलीत येरझाऱ्या घालू लागलो की ती म्हणे, "जावईबापू, बसा की वाईच. जिवाला किती तरास करून घेता."

चौथ्या दिवशी दुपारी पाळी माझी होती. खुर्चीत बसल्या बसल्या मला झोप लागली. किती वेळ ते सांगता येत नाही, फार नसावा. डोळे उघडले तर आजीची खाट रिकामी. ती शेजारच्या खाटेपाशी उभी होती. डोळ्यांवरची पट्टी तशीच, डाव्या हाताने कुंडलच्या बाईचा गाल चाचपत होती आणि उजव्या हाताने तिला दूधभात भरवत होती. "खा गं बाय," ती म्हणत होती. "भ्या वाटलं की भूक मरतीया. एक घास खा, मग भ्या जाईल." मी ओरडलो. आजीने घास पुरा भरवला आणि मगच माझ्याकडे वळली. "चार दिस हिचं ताट तसंच्या तसं खाली ठेवल्याचा आवाज येतोय, खाल्ल्याचा न्हाई," ती म्हणाली. "ही उपाशी हाय. मला पट्टी हाय, तुमास्नी कुणालाच दिसलं न्हाई व्हय?"

मला दिसलं नव्हतं. चार दिवस मी त्या बाईपासून दोन हातांवर बसलो होतो.

आजीच्या शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्यात आत रक्त उतरलं आणि तो डोळा गेला. डॉक्टर माझ्यावर रागावले ते योग्यच होतं. दुसऱ्या डोळ्याला हात लावू द्यायला आजी तयार होईना. पुन्हा दहा दिवस मला जमायचे नाहीत, म्हणाली, आणि तेही खरंच होतं. मी तिची माफी मागायला गेलो तर तिने मला बोलूच दिलं नाही. "तुमी झोपला नसता तर मला उठू दिलं नसतं. ती बाय उपाशी ऱ्हायली असती. जाऊ द्या आता." तिने मनापासून म्हटलं. मला मात्र ते अजूनही जाऊ देता आलेलं नाही.

ती शिरवळला परत गेली. खानावळ चालू राहिली, भाकऱ्या थापायला शेजारची एक बाई येऊ लागली. पुढच्या वर्षी मी एकटाच साताऱ्याकडे येणाऱ्या गाडीत होतो. शिरवळला उतरलो. ती दारात उभी होती, पण तोंड कुणाच्या तोंडाकडे नाही, पावलांच्या आवाजाकडे. मी न बोलता हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. आजी हातात भांडं घेऊन पहिल्या पाटापाशी आली आणि म्हणाली, "काय वाढू?"

हे शब्द मी त्या खानावळीत कधी ऐकले नव्हते. पहिला म्हणाला झुणका. तिने झुणका वाढला. दुसरा म्हणाला झुणका, त्यालाही वाढला. तिसरा खोकत होता, त्यालाही. कुणाशी वाद नाही, कुणाची हनुवटी नाही. हँडल डायव्हरच्या पायापाशी पडलं होतं आणि गाडी अगदी वेळेवर सुटणार होती. ज्याला जे हवं ते मिळत होतं आणि सगळे खुशीत जेवत होते. मला ते बघवेना.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "काय वाढू, पाव्हणं?"

झुणक्याचं भांडं माझ्या नाकासमोर होतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि माझी प्रकृती त्या दिवशी जितकी ठणठणीत होती तितकी जन्मात नसेल.

"झुणका नको, आजी," मी म्हणालो. "सकाळपासून पोटात कसंतरी होतंय."

भांडं खाली ठेवलं गेलं. तिचा हात आला, त्याने माझी हनुवटी धरली आणि सवयीने तोंड उजेडाकडे वळवलं.

"जावईबापू," ती म्हणाली. "मला वाटलंच. उतरलासा तवाच पाऊल जड आलं." आणि मग खानावळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "डायवर, हँडल इकडं आण. मुगाची खिचडी टाकतीया. ती हुईस्तवर गाडी हलायची न्हाई."

ती लगबगीने चुलीकडे गेली. एकदा एका पाटाला अडखळली, पण थांबली नाही. गाडीतले सगळे लोक माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत बसले. मी खिचडी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. मी शेवटचा भेटलो तो त्याच दिवशी. शिरवळचा झुणका कसा लागायचा हे आता मला बायकोकडूनच ऐकावं लागतं. ती रंगात येऊन सांगते, बेसन किती भाजायचं, लसूण कधी घालायचा, आणि सांगता सांगता मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे निरखून बघते. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात उठते आणि मुगाची डाळ धुवायला घेते.